तिसऱ्या वळणावरचे चारशे बारा फोटो

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय.

चुकून नाही, घाईत नाही. समजून-उमजून, गोल शिक्का मारून लिहिलंय. फेब्रुवारीतल्या मोटरसायकल रेसच्या अपघातावर तुमच्या चौकशी अहवालात हिंदीत दोन ओळी आहेत. मराठीत त्यांचा अर्थ एवढाच : चालक वीरेंद्र रहांगडाले स्वतःच्या बेफिकिरीने मार्गाबाहेर गेला. तिसऱ्या वळणालगत कोणतेही वाहन उभे नव्हते.

झालं. एका माणसाचा पाय आधीच गेला होता, या दोन ओळींत त्याची खाणीतली नोकरीही गेली. आणि एका मुलीच्या आयुष्यात नुकतं कुठं फटफटत होतं... तेही मावळलं. तुम्ही त्या वळणावर नव्हतात, साहेब. तुम्ही मंडपात होतात, गळ्यात हार घालून. वळणावर होती मयुरी. तेव्हा आता मयुरीचं ऐका. पहिल्यापासून ऐका, कारण हे सगळं तुमच्याच खात्याच्या टँकरच्या पाण्यानं सुरू झालं.

डिसेंबरातली गोष्ट. बालाघाटहून बैहरकडं निघालं की जंगल लागायच्या आधी एक मोठं पडीक माळरान आहे. तिथं हौशी पोरांची रेस. गाड्या म्हणजे काय, जुन्यापान्या मोटरसायकली. लाइट, आरसे, मडगार्ड सगळं सोलून काढलेलं, चाकांना खाचाखाचांचे टायर. आवाज असा की पोटात घुमावा. मयुरी गजभिये गेली होती ती पाहुण्यांच्या स्वागताचे फोटो काढायला. दुलीचंदकाकांच्या स्टुडिओत सहा वर्षं तिनं हळदी काढल्या, बारशी काढली, शाळेची बक्षिसं काढली. पळणारी वस्तू म्हणून तिनं आजवर फक्त नवरदेवाची घोडी काढलेली, आणि ती घोडीही चालतच असायची.

स्वागत आटोपलं, हार-तुरे झाले, आणि ती सहज ट्रॅकच्या कडेला गेली. तेवढ्यात धूळ बसवायला टँकर आला. निळा, गंजका, मागं आडव्या नळीतून पाण्याचे फवारे उडवत. तिला कळायच्या आत...

“कॅमेरा! कॅमेरा द्या जी इकडं!”

कोणीतरी तिच्या हातातून कॅमेरा ओढून घेतला आणि त्यावर हेल्मेट पालथं घातलं. टँकर निघून गेला. मयुरी डोक्यापासून चपलेपर्यंत चिंब. कॅमेरा मात्र ठणठणीत कोरडा. समोर एक उंच, काळसर, धुळीनं माखलेला तरुण. पापण्यांवरसुद्धा धूळ.

“कॅमेरा वाचवला तुम्ही,” ओढणी पिळत ती म्हणाली. “अन् माणूस भिजलं तरी चालते?”

“माणूस वाळते. कॅमेरा कोठं वाळते? कोणाचा हाये?”

“दुकानाचा.”

“मंग बराबरच केलं. दुकानाची वस्तू वाचली पायजे. तुम्ही तर घरच्याच हाव.”

“कोणाच्या घरच्या?”

तो गडबडला. हेल्मेट या हातातून त्या हातात. “नाही... म्हणजे... आपापल्या घरच्या.”

मयुरीला हसू आवरेना. त्या हसण्यात ती किती गोड दिसत होती, हे त्यानं तिला पुढं महिन्याभरानं सांगितलं. तेही गाडीचा आवाज चालू ठेवून, नीट ऐकू जाऊ नये म्हणून.

हा वीरेंद्र. उकव्याच्या खाणीत एका ठेकेदाराकडं डंपर चालवायचा. आठवडाभर काळा दगड वाहायचा आणि सुटीच्या दिवशी मोटरसायकल उडवायचा. रेस संपल्यावर तो फोटो पाहायला आला. पाहिले, मान वाकडी केली, परत पाहिले.

“हे मी हावो?”

“हौ. तुमचाच नंबर दिसून राह्यला ना, सतरा.”

“नंबर ठीक हाये. पण गाडी तर स्टँडवर उभी वाटते. मी जीव तोडून पळवून राह्यलतो, अन् तुम्ही मले पार्किंगमधी उभं केलं!”

मयुरीला राग आला. राग यासाठी, की तो खरं बोलत होता. चाकाचे आरे एकूण एक मोजता येत होते. लग्नातल्या सवयीनं तिनं सगळं गोठवून टाकलं होतं. एका फोटोत पुढचं चाक कापलेलं, दुसऱ्यात बॅनरचा बांबू थेट त्याच्या मानेत घुसलेला.

“पुढच्या रेसले पाहा,” ती म्हणाली.

“पाहीन ना. पाहासाठीच येईन.”

एवढं बोलून तो गेला. मयुरी घरी आली आणि ओले कपडे बदलायचे विसरून मोबाईलवर व्हिडिओ पाहत बसली : पळत्या गाडीचा फोटो कसा काढावा.

मग रविवारमागून रविवार ते माळरान त्या दोघांचं झालं. तो उकव्याहून यायचा, ती स्टुडिओतून दोन तासांची सुटी काढून. तो एकच वळण चाळीस-चाळीस वेळा फिरायचा, ती चाळीस-चाळीस वेळा चुकायची. शटर हळू ठेवायचं म्हणजे चाक फिरताना दिसतं. पण मग हात स्थिर नको, कंबर फिरली पाहिजे. गाडीबरोबर गाडीच्याच वेगानं अख्खं अंग फिरलं, तर माणूस स्पष्ट येतो आणि मागचं रान रेषारेषांत वाहून जातं. तिला जमेना. गाडी चौकटीतून सटकायचीच.

“तुम्ही गाडीच्या मागं धावून राह्यल्या,” तो गाडी बंद करून म्हणाला. “तसं नाही होत. गाडीले पाहूच नका. गाडी जेथं येणार हाये, तेथं पाहा. मी येतोच.”

“नक्की येता?”

“तुम्ही पाहून राह्यल्या तर कोठं जाईन जी?”

तिनं लेन्स पुसली. स्वच्छ होती, तरी पुसली.

बाकीचं ती स्वतःच शिकली, स्वतःच्याच वाया गेलेल्या फोटोंवरून. जमिनीलगत बसायचं, मग साधी गाडीही आभाळाएवढी दिसते. हेल्मेट वळणाच्या दिशेनं झुकून डोळे दिसेपर्यंत बटण दाबायचं नाही, कारण डोळे नसले तर तो नुसता प्लास्टिकचा गोळा. सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा, म्हणजे उजेड त्याच्या तोंडावर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : पाठीमागचं स्वच्छ हवं. खांब नको, तार नको, मंडप नको. माणसाच्या डोक्यातून काही उगवलेलं दिसता कामा नये.

हे सगळं जुळून यायची जागा एकच होती. तिसऱ्या वळणाची आतली बाजू, पळसाच्या वाळक्या खोडापाशी. ती तिची जागा ठरली. पहिल्या दोन वळणांवर तो काय वाटेल ते करो, तिसऱ्या वळणावर तो तिचा असायचा. अर्ध्या सेकंदापुरता.

जानेवारीतल्या रेसला तो फोटो आला. पिवळी धूळ पडद्यासारखी उठलेली, गाडी आडवी झुकलेली, गुडघा जमिनीला टेकतो की काय असा, आणि हेल्मेटच्या फटीतून दोन डोळे – सरळ कॅमेऱ्यात. दुलीचंदकाकांनी तो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला. हात मागं बांधून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “पोरी, फोटो फस्ट क्लास हाये. पण हे पोट्टं रस्त्याकडं पाहून राह्यलं का तुह्याकडं?”

वीरेंद्र त्या रेसमध्ये पाचवा आला.

“तुमच्यामुळं,” तो म्हणाला.

“मी काय केलं?”

“काही नाही. बसल्या होत्या.” मग फोटो हातात धरून म्हणाला, “एक सांगा जी... मी असा एका कडेले अन् समोर एवढी जागा रिकामी कायले सोडली?”

“पळत्या माणसाच्या समोर जागा सोडा लागते. नाही तर तो भिंतीत जाऊन राह्यला, असं वाटते.”

“अन् मागं?”

“मागं कमी.”

“कमी म्हणजे किती?” त्यानं डोळे बारीक केले. “एक जण बसंल एवढी?”

धूळ खाली बसत होती. दूर रस्त्यावर बैहरची बस हॉर्न देत गेली. मयुरी उठली, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि त्याच्या मागं जाऊन बसली. गाडीला मागची सीट नव्हतीच, नुसता पत्रा. त्या दिवसापासून ‘तुम्ही’ गेलं, ‘तू’ आलं.

प्रेमाचं नाव मात्र दोघांनीही उच्चारलं नव्हतं. घरं वेगळी, वस्त्या वेगळ्या, देव्हारे वेगळे. बोललं की भांडण सुरू होणार, हे दोघांनाही ठाऊक. फेब्रुवारीची रेस झाली की बोलू, असं ठरलं. “मी पहिल्या तिनात येतो,” तो म्हणाला, “मंग तुह्या मायसमोर उभा राहाले तोंड राहीन.”

फेब्रुवारीची रेस. आता नीट ऐका, साहेब.

मयुरी सकाळी पोहोचली, पळसाच्या खोडापाशी बसली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि तोंड वाकडं केलं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, बरोबर समोर, टँकर उभा होता. तोच निळा, गंजका. तुमच्या मंडपावर धूळ उडू नये म्हणून दर फेरीनंतर पाणी मारायचं होतं, आणि लांब कुठं उभा केला तर वेळ जातो, म्हणून तो तिथंच लावून ठेवलेला. गाडीला वळण जमलं नाही तर ती सरळ जिथं जाते, ती जागा मोकळी ठेवायची असते. गोठ्यातल्या वासरालाही कळेल एवढी साधी गोष्ट आहे. त्या जागेवर टँकर.

आणि मयुरीला त्याचं काय वाटलं?

इथं तिची बाजू घ्यायची नाही. तिनं स्वतःही घेतलेली नाही. तिला टँकर दिसला, आणि तो घाण दिसला. धोक्याचा नाही, घाण. सरावाच्या फेरीत तिनं फोटो काढून पाहिला तर टँकरचा नळ वीरेंद्रच्या हेल्मेटातून उगवलेला. तिला हसू आलं. तिनं तो फोटो तिथल्या तिथं पुसून टाकला. मग उठली, ट्रॅक ओलांडून बाहेरच्या बाजूला गेली आणि टँकर पाठीशी घालून, पंचवीस-तीस पावलं बाजूला, मातीत बसली. आता समोर स्वच्छ रान. सूर्य मात्र थेट डोळ्यात. चेहरे काळे येणार, हे तिला कळत होतं. पण मागं टँकर नको, म्हणून तिनं उजेड सोडला.

वीरेंद्रला सांगायचं राहिलं. तो तोवर सुरुवातीच्या रेषेवर गेला होता.

पब्लिक सगळी गाड्या उडी घेतात त्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी, डीजेजवळ. तिसऱ्या वळणावर ती आणि एक झेंडेवाला. त्या एका सकाळी तिनं चारशे बारा फोटो काढले. वीरेंद्रच्या शर्यतीत पहिल्या चार फेऱ्या तो दुसरा होता. पाचव्या फेरीला आवाज आला. तिनं पाहायचं तिथंच पाहिलं. जिथं तो येणार होता, तिथं. कंबर वळली, बोट दाबलं गेलं...

तो आलाच नाही.

चारशे बारावा फोटो आजही आहे. त्यात फक्त वळण आहे आणि धूळ.

मग पाठीमागं पत्र्याचा आवाज झाला. तिनं कॅमेरा तसाच टाकला आणि धावली. अशा वेळी आणखी एक फोटो काढायचा असतो, हे तिला सुचलं नाही. कोणाला सुचलं असतं? रुग्णवाहिका होती, पण पाहुण्यांच्या गाड्यांमागं अडकलेली. चौघांनी उचलून त्याला जीपमध्ये घातलं, मयुरी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि जीप निघता निघता तिनं पाहिलं – टँकर चालू झाला होता. दुसऱ्या दिवशी ती परत गेली तेव्हा त्या जागेवर ट्रॅक्टर फिरवून माती सपाट केलेली. सतरा नंबरची गाडी कोणी उचलून नेली, पत्ता नाही. झेंडेवाल्यानं सांगितलं, मी पाणी प्यायला गेलो होतो.

गोंदियाच्या दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. अकराव्या दिवशी तुमचा अहवाल आला. बाराव्या दिवशी ठेकेदारानं कळवलं, बेफिकीर माणूस डंपरवर नको. मयुरीनं घरी वीरेंद्रचं नाव काढलं, तेव्हा तिची आई मैनाबाई अहवालाची झेरॉक्स दोनदा वाचून म्हणाली, “बाई, पाय नाही म्हणून मी नाही म्हणत नाही. जातीचंही मी गिळलं असतं. पण ज्याले आपला जीव सांभाळता आला नाही, तो तुले काय सांभाळणार? हे मी नाही म्हणत, सरकार लिहून राह्यलं.”

चौदाव्या दिवशी मयुरी कॅमेरा घेऊन दवाखान्यात गेली.

“दाखव,” वीरेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती, आणि तीच ऐकवत नव्हती. “टँकर दाखव. एक फोटो पुरे. चांगला नसला तरी चालते.”

तिनं कॅमेरा पुढं केला. त्यानं कॅमेरा घेतला, बटण दाबत गेला. गाडी आणि रान. गाडी आणि रान. प्रत्येक फोटोत समोर रिकामी जागा, प्रत्येक फोटो धुतल्यासारखा स्वच्छ.

“कोठं हाये?”

“माह्या पाठीमागं होता.”

“तुले दिसला नव्हता?”

“दिसला होता.”

“मंग?”

“चांगला... दिसून नव्हता राह्यला. म्हणून मी जागा बदलली.”

पंखा कुरकुरत फिरत होता. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईनं तोंड दुसरीकडं केलं. वीरेंद्रनं चादरीकडं पाहिलं. जिथं चादर सपाट होती, तिकडं.

“तरीच,” तो म्हणाला.

“तरीच काय?”

“काही नाही.”

“सांग.”

“पाचव्या फेरीले मी तुले पाहत होतो. पळसाच्या खोडापाशी. चार फेऱ्या तू दिसली नाही, मले वाटलं कोठं गेली... पाचव्या फेरीले जरा जास्त पाहिलं. ब्रेक माराले उशीर झाला.” त्यानं तिचा हात धरला, घट्ट. “हे साहेबाले सांगू नको. ते म्हणतील, बघा, चूक त्याचीच होती.”

मयुरी रडली नाही. रडण्याच्या पलीकडं एक जागा असते, तिथं माणूस नुसता बसून राहतो. ती तिथं बसली होती.

“चूक होतीच माही,” तोच बोलत राहिला. “नजर चुकली. पण मयुरी, नजर कोणाची चुकत नाही? नजर चुकली तर माणूस सरळ रानात जाते, धुळीत लोळते, उठून हसते. आम्ही दहा-दहा वेळा गेलो. त्याची किंमत कोठं पाय असते का?”

“वीरेंद्र,” ती म्हणाली, “मले तुह्याशी लगन करायचं हाये.”

असं म्हणाली ती. दवाखान्यात, दुपारी, फिनेलच्या वासात. इतके दिवस गाडीच्या आवाजात लपवलेलं सगळं तिनं एका वाक्यात बाहेर काढलं. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर ते जुनं हसू आलं... आणि गेलं.

“दया आली?”

“थोबाड फोडीन तुहं.”

“मंग ऐक. कागदावर मी बेफिकीर हावो तवरोक मी हौ म्हणणार नाही. तुही माय रोज मनात तेच वाचीन. तू बी एक दिवस वाचशीन. अन् मी... मी तर आत्तापासूनच वाचून राह्यलो. ती ओळ खोडून आण. मंग मी एका पायावर तुह्या दारात येतो.”

“नाही खोडली तर?”

त्यानं हात सोडला. हळूच सोडला, जसा झोपलेल्या माणसाचा सोडतात.

दवाखान्यातून त्याला तिरोडीला बहिणीकडं नेलं. मयुरीचा फोन तो उचलत नाही. ती रोज लावते. दहा वेळा वाजतो, मग फोनमधली बाई सांगते की उत्तर मिळत नाही.

मार्चमध्ये तिनं अर्ज केला आणि तुमच्या दालनात आली. आठवतं, साहेब? चारशे बारा फोटो छापून आणले होते. तुम्ही वरचे दहा-बारा चाळले आणि म्हणालात, “देखिए मैडम, किसी फोटो में टैंकर नहीं है. आप ही के फोटो हैं. मतलब टैंकर वहाँ था ही नहीं.”

“एक होता. मी पुसला.”

“क्यों?”

“खराब होता म्हणून.”

बाजूचा बाबू हसला. तुम्हीही हसलात. मग मयुरीनं सगळं सांगितलं, वीरेंद्रनं लपवायला सांगितलं होतं तेसुद्धा. त्याची नजर चुकली, ती माझ्यामुळं चुकली, हेही लिहून घ्या, म्हणाली. तुम्ही तेवढंच बरोबर लिहून घेतलंत. “चालक ने खुद माना है,” असं बाबूला सांगितलंत आणि फाईल बंद करायला घेतली.

तेव्हा तिनं फाईलवर हात ठेवला. आधी हिंदीतून बोलायला गेली, जमलं नाही, मग आपल्याच बोलीत बोलली. आवाज चढला नाही. चढला असता तर तुम्हाला सोपं गेलं असतं.

“जानेवारीचे फोटो पाहा साहेब, हे. याच वळणाचे. सूर्य माह्या पाठीशी हाये, चेहरा लख्ख दिसते. आता फेब्रुवारीचे पाहा. चारशे बाराच्या चारशे बारा फोटोत सूर्य माह्या डोळ्यात हाये, अन् चेहरे काळे आले. मी सहा वर्षांपासून फोटो काढून राह्यली. उजेडाकडं तोंड करून कोणी फोटोवाला बसत नाही, सकाळभर तर नाहीच नाही. बसला, तर समजून घ्या की चांगल्या जागेवरून काहीतरी असं दिसून राह्यलतं, की ते त्याले चौकटीत नको होतं. कोणत्याही स्टुडिओवाल्याले बोलवा अन् विचारा. तुम्ही म्हणता तिसऱ्या वळणाशी काहीच उभं नव्हतं. मैदान साफ होतं. ठीक हाये. मंग माही जागा सोडून, त्या माणसाले न सांगता, मी तिकडं उन्हाच्या तोंडावर काहून बसली होती? काय पाठीमागं टाकाले बसली होती? फाईल नंतर बंद करा, साहेब. आधी याचं उत्तर द्या.”